देवानं सृष्टी निर्माण केली असं मानून जीवसृष्टीचा नैसर्गिक उगम मान्य करता येतो का?

येतो. फक्त देवाला कुठे बसवता ते बघा.

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टॅन्ली मिलर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ बंद काचपात्रात खेळवून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवड्याभरात पाणी लाल झालं, त्यात ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं, म्हणजे सजीवांतल्या प्रथिनांचे घटक, सापडली. (जीव नव्हे हं, नुसत्या विटा!) तिथून पेशीपर्यंतची वाट अजून पुरती उलगडलेली नाही. त्या रिकाम्या जागेत देव बसवलात, तर प्रत्येक शोधागणिक त्याला सरकून बसावं लागेल. निसर्गाचे नियमच त्याचे मानलेत, तर भांडण उरत नाही. विश्वाचा उगम सांगणाऱ्या महास्फोटाच्या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होता. सहा दिवसांत सृष्टी झाली हे बायबलमधलं वर्णन शब्दशः धरणाऱ्यांचं मात्र जमणं कठीण.