प्रतिपालक कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला वस्तू द्याव्यात की पैसे? पैसे पगार-भाड्यात जाणार नाहीत याची खात्री कशी करावी?

पगारातच जाऊ द्या.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला म्हणूनच मी लिहायला बसले, त्यामुळे त्याचं उत्तर आधी. तुम्ही लिहिलंय की सोसायटीत गणपतीची वर्गणी शिल्लक राहिली आहे. ती गावातल्या एका छोट्या संस्थेला द्यायची आहे. ती संस्था बालसंगोपनातली (सरकारी मदतीवर नातेवाइकांकडे किंवा एकट्या आईकडे वाढणारी) मुलं आणि प्रतिपालक घरी ठेवलेली मुलं यांचं बघते. आणि सभासदांची अट अशी की रुपयान् रुपया मुलांवरच खर्च झाला पाहिजे. ही अट मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. तिच्यापायी काय होतं ते जवळून पाहिलंय.

आम्ही मिरजेचे. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर आम्ही बाल कल्याण समितीकडे, म्हणजे अशा मुलांनी कुठं राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे, अर्ज केला, चौकशा झाल्या, घर बघून गेले, आणि समितीच्या आदेशाने बालगृहातली एक नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आली. तिचं नाव लिहिणार नाही. दत्तक मूल कायमचं आपलं होतं, प्रतिपालक मात्र समितीच्या आदेशानं मूल काही काळ सांभाळतात, एवढाच फरक सांगते, जास्त त्यात शिरत नाही.

ती आल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळपासून ती जेवायला नको म्हणत होती. विचारलं तर "काही नाही" म्हणायची. रात्री अंधारात पाणी प्यायला उठले तर ही पलंगाच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, ओढणीचा बोळा तोंडात. आवाज बाहेर येऊ नये म्हणून. दुपारपासून दुखत होतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. का, तर आजारी पडलं की परत पाठवतात असं तिच्या डोक्यात बसलेलं. हे तिनं मला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं.

नवऱ्याची रात्रपाळी. शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं आणि दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स होतं, लगेच ऑपरेशन करायला हवं म्हणाले. फॉर्म पुढे आला. "आई का तुम्ही?" मी म्हटलं, प्रतिपालक आई. डॉक्टर तरुण होते, भले होते, पण त्यांनी हा प्रकार कधी ऐकलेला नव्हता. सही कोण करणार? आई-वडील कुठे आहेत? कोर्टाचा काही कागद आहे का? आदेशाची प्रत घरी कपाटात, आणि त्यात ऑपरेशनच्या संमतीबद्दल एक ओळ नव्हती.

मी संस्थेच्या ताईंना फोन लावला. आमच्याकडे घरभेटीला यायच्या त्या कार्यकर्त्या ताई. पहिल्याच रिंगला उचलला. अर्ध्या तासात त्या स्कूटीवरून सांगलीहून हजर, रेनकोटातून पाणी निथळतंय आणि छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत आमची फाइल. समितीतल्या एका मॅडमना त्यांनी उठवलं, डॉक्टरांशी बोलायला लावलं, संस्थेच्या लेटरहेडवर लिहून दिलं, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. मुलीला आत नेताना तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काकू इथंच आहेत. बरी झालीस की याच घरी जायचंय." तेव्हा कुठे तिनं माझा हात सोडला.

सकाळी चहा पिताना मला कळलं की ताईंचं मानधन तीन महिने झालं नव्हतं. पेट्रोल स्वतःच्या पैशाचं. तक्रार म्हणून सांगितलं नाही त्यांनी, मी खोदून विचारलं म्हणून बोलल्या.

आता माझ्या धाकट्या दिरांकडे येते. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्या भागातल्या मंडळाचे खजिनदार आहेत. हिशेबाला चोख माणूस, मंडळाचा एक पैसा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, आणि याबद्दल मला त्यांचा आदर आहे. त्या वर्षी दिवाळीआधी मंडळाने संस्थेला मदत करायचं ठरवलं. संस्थेच्या सचिवांनी लेखी विनंती केली: ताईंचं वर्षभराचं पेट्रोल आणि मानधनातला थोडा वाटा द्या. भाऊजींनी ती बाजूला ठेवली. मला म्हणाले, "वहिनी, लोकांनी दिलेला पैसा पगारात घालायचा नसतो. तो मुलांच्या अंगावर दिसला पाहिजे." मी म्हटलं, "भाऊजी, त्या रात्री पोरीच्या अंगावर काय दिसलं असतं?" त्यावर ते काही बोलले नाहीत, पण ठराव दप्तरांचा झाला.

दप्तरं आली. चांगली होती, जाड कापडाची. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरात मंडळाचं नाव आणि खाली "सप्रेम भेट". वाटपाचा कार्यक्रम झाला, हार झाले, मुलांना रांगेत उभं करून फोटो निघाला आणि रात्रीपर्यंत तो भागातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलीनं आमच्या पोरीला विचारलं, "तू अनाथ आहेस?" त्या रात्री ती कर्कटक घेऊन बसली आणि दप्तरावरचं एकेक अक्षर खरवडत राहिली. "सप्रेम" पूर्ण गेलं, "भेट"मधला भ तेवढा राहिला आणि कापडाला तिथं भोक पडलं. ते दप्तर घेऊनच ती वर्षभर शाळेत गेली, कारण नवीन घेऊ म्हटलं तर नको म्हणायची.

फोटोचं कायद्याने सांगते. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 बघा. अशा मुलांची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या सोसायटीच्या अहवालात फोटो हवाच असेल तर संस्थेच्या कार्यालयाच्या पाटीचा काढा. वाढदिवसाचा केक घेऊन मुलांना भेटायला जाण्याबद्दलही माझं मत तेच आहे: जाऊ नका. ज्याला मुलांचा लळा आहे त्यानं पोलीस पडताळणी करून घ्यावी, संस्थेला विचारावं आणि वर्षभर आठवड्याला एक दिवस गणित शिकवावं. एक दिवस जाऊन मुलांना कुरवाळून येणं त्या मुलांना फार महागात पडतं.

आता पैशाचं गणित, कारण सोसायटीच्या सभेत तेच विचारतील. आपल्याकडे या कामाचा मोठा भाग बालसंगोपन योजनेवर चालतो, म्हणजे एक पालक गेलेला, किंवा दोन्ही गेलेले, किंवा आई-बाप सांभाळण्याच्या अवस्थेत नाहीत, अशी मुलं आजी, मामा, काकू यांच्याकडे किंवा एकट्या आईकडे वाढतात आणि सरकार दरमहा पैसे देतं. पूर्वी 425 रुपये होते, मग 1100 झाले, 2023 पासून 2250. संस्थेला घरभेटी, अहवाल, पाठपुरावा या सगळ्यासाठी मिळतात एका मुलामागे महिना 250. एका ताईकडे 50 मुलं धरा. साडेबारा हजार झाले. त्यात तिचा पगार, तालुकाभरच्या वाड्यावस्त्यांचं पेट्रोल, झेरॉक्स, फोन. आणि ते पैसे दर महिन्याला हातात पडतात असंही नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिपालक आणि प्रायोजकत्वाला महिना 4000 आहेत, ते मुलासाठी. मुलापर्यंत ते पोचवायला जे माणूस लागतं त्याच्या पोटाचा विचार देणगीदाराने केला नाही तर कुणी करायचा?

2021 आठवा. दोन्ही पालक करोनात गेले त्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, पीएम केअर्समधून दहा लाखांची तरतूद झाली. घोषणा टीव्हीवर सगळ्यांनी ऐकली. पण कुठल्या वस्तीत कुठलं पोर कुणाकडे राहतंय, त्याच्या बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव चुकलंय का, आजीचं बँक खातं चालू आहे का, हे दारोदार फिरून कुणी बघितलं? आमच्या भागात तरी याच ताईंनी, सरकारच्या बाल संरक्षण कक्षातल्या मोजक्या माणसांच्या बरोबरीनं. अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण 2018 मध्ये मिळालं, तेही अनाथ प्रमाणपत्राशिवाय हाती लागत नाही, आणि ते प्रमाणपत्र घराच्या उंबऱ्यावर चालत येत नाही.

दप्तरांच्या वर्षानंतर जूनमध्ये ताईंनी काम सोडलं. त्यांना दोन मुलं, एकाची दहावी. एका खासगी दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर लागल्या, पगार एक तारखेला. मी त्यांना एका शब्दानंही दोष देणार नाही. संस्थेला पुढचे कितीतरी महिने माणूस मिळालं नाही, कारण एवढ्या पैशात एवढं फिरणारं कोण मिळणार?

आमचं निभावलं. आम्ही दोघं शिकलेले, कार्यालयात जाऊन बोलता येतं. पण कवठेमहांकाळकडच्या एका आजीबाईंची फाइल ताईंकडे होती. दोन नातू सांभाळायच्या. मुलगा-सून दोघं गेलेले. केवायसी झालं नाही म्हणून त्यांचं बँक खातं बंद पडलं. बालसंगोपनाच्या नूतनीकरणाच्या कागदांची मुदत गेली. पूर्वी ताई स्वतः येऊन त्यांना स्कूटीवर बसवून बँकेत न्यायच्या, आता आजींना वाटलं सरकारनं पैसे बंद केले. थोरला नातू द्राक्षबागेत डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या, कामाला जायला लागला. आठवीतला मुलगा. नवीन कार्यकर्ती आली आणि तिनं त्याला शोधून काढलं तोपर्यंत त्याचं वर्ष गेलं होतं. पुन्हा शाळेत बसवलं, पण तो बसला नाही. त्याच्या घरी मंडळाचं दप्तर होतं, नवंकोरं. आजींनी त्यात रेशनकार्ड आणि दाखले ठेवले होते.

हे मी भाऊजींना सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, सरकारचं काम सरकारनं करावं, मंडळानं सरकारच्या जागी का उभं राहायचं? मुद्दा खोटा नाही. संस्थेला मुलामागे 250 रुपये ही लाजिरवाणी रक्कम आहे आणि ती वाढवून घेण्यासाठी तुमच्या सोसायटीनं आमदारांना पत्र जरूर लिहावं. पण ती वाढेपर्यंत त्या पोरानं थांबायचं का? आणि बँकेत चाळीस वर्षं पगार घेऊन ज्यांनी प्रामाणिकपणे लोकांचे पैसे सांभाळले, त्यांनी तरी असं म्हणू नये की पगार दिला की काम अप्रामाणिक होतं. मुलांचं काम करणाऱ्या बाईनं अर्धपोटी राहिल्याशिवाय तिची सेवा खरी वाटत नाही, हा आपल्या समाजाचा फार जुना हट्ट आहे आणि मला त्याची चीड येते.

पैशाशिवाय काय देता येईल हेही विचारलंय. तुमच्या सोसायटीत सीए असेल तर संस्थेचं ऑडिट करून द्या. बँकेतून निवृत्त झालेले असतील तर आज्यांची खाती आणि केवायसी त्यांच्याकडे सोपवा (भाऊजींना मी हेच सुचवलं होतं, त्यांच्या हातून ते फार चांगलं झालं असतं). डॉक्टर असतील तर त्यांचा नंबर कार्यकर्तीकडे द्या आणि रात्री फोन उचला. कुणाचं दुकान, वर्कशॉप असेल तर अठरा पूर्ण झालेल्या एखाद्याला काम शिकवा. आणि कुणाच्या घरात, मनात जागा असेल तर प्रतिपालक होण्याचा विचार करा. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही ते करता येतं, आणि दोन वर्षांनी दत्तकाचा मार्ग खुला होऊ शकतो. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

जुने कपडे मात्र नकोत.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या संस्था चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. पगाराच्या नावाखाली घरातल्याच चार जणांना पोसणाऱ्याही असतात. म्हणून देण्याआधी मागच्या तीन वर्षांची ऑडिट केलेली पत्रकं मागा, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात संस्थेबद्दल विचारा, आणि कार्यकर्ती किती घरं बघते, महिन्यातून किती घरभेटी होतात हे तिलाच विचारा, अध्यक्षांना नको. ती नावं न सांगता घराघराची हकीकत सांगू लागली की समजा काम होतंय. तुमची संस्था आमच्यासारखी नसेलही, तिथं खरोखर वह्यांचीच गरज असेल, तर वह्या द्या. तिला विचारून द्या.

रोख देऊ नका. चेक संस्थेच्या नावानं काढा आणि सोबतच्या पत्रात लिहा की ही रक्कम कार्यकर्तीच्या मानधनासाठी आणि प्रवासासाठी आहे. एकदम एका वर्षात देण्यापेक्षा तीन वर्षांत वाटून द्या, म्हणजे संस्थेला तिला थांब म्हणता येतं. ठरावाला कुणी विरोध केला तर त्यांना माझं उत्तर वाचायला द्या. भाऊजींनाही पाठवते आहे, आमच्या मंडळाची बैठक पुढच्या रविवारी आहे.