वाचक विचारतात: डेमो कॅसेटचा दबका आवाज

प्रश्न: नव्वदच्या दशकातल्या एका अप्रसिद्ध रॉक बँडची डेमो कॅसेट मिळाली. आवाज फार दबका आहे. संगणकावर उतरवू कशी? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: लगेच लावू नका. आधी फितीच्या कडा उजेडात बघा. तुमच्याकडच्या दमट हवेत पांढरी बुरशी धरते आणि डेकमधून (कॅसेट प्लेअरमधून) पुढच्या कॅसेटलाही लागते. फीत स्वच्छ असेल तर डेकवरचं डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) बंद करून ऐका. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. नाहीतर ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड (फितीवरचा आवाज वाचणारा डेकमधला भाग) पुसा. तरीही दबकाच? मग बहुधा हेडचा कोन सरकलाय. शेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू कॅसेट चालू ठेवून किंचित फिरवा, झांजा खणखणीत ऐकू येतील तिथे थांबा. डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) संगणकावर २४ बिटला रेकॉर्ड करा, पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एमपी३ नको, आवाजातलं काहीही न गाळणारी फ्लॅक फाइलच ठेवा.