खोडावरच्या अळंबीला सुटणारे पाणी : काळजी कधी करावी?

प्रश्न (राजापूर परिसरातून): काजूच्या बागेला लागून रान आहे. तिथे मेलेल्या ऐनाच्या ओंडक्यावर फळीसारखी कडक अळंबी आली आहे. तिच्या कडेला पाण्याचे थेंब धरतात, पुसले तरी पुन्हा येतात. बागेतल्या आंब्याच्या बुंध्यावरही तशीच अळंबी आहे. हा रोग आहे का? कोणते औषध मारावे?

उत्तर: ऐनाच्या ओंडक्याला हात लावू नका. ती अळंबी मेलेले लाकूड कुजवते आहे, तिला तिचे काम करू द्या. थेंब पावसाचे नाहीत. पावसाचे पाणी अळंबीच्या पाठीवर साचते. हे थेंब वाढत्या फिक्या कडेवर धरतात, कधी कोऱ्या चहाच्या रंगाचे असतात. लाकूड कुजतानाच पाणी तयार होते. लाकडातले 1 किलो सेल्युलोज पूर्ण कुजले तर साधारण 550 ग्रॅम पाणी सुटते. एरवी ते उडून जाते. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत उडत नाही, मग आतल्या दाबाने बाहेर ढकलले जाते. चाखून मात्र बघू नका. फणसावरचा फणसोंबा मुलांच्या लाळेवर वापरायची जुनी रीत आहे, पण दिसेल ती कडक अळंबी फणसोंबा नव्हे.

आंब्याचे प्रकरण वेगळे. जिवंत झाडाच्या बुंध्यावर अळंबी दिसते तेव्हा आतले लाकूड बहुधा आधीपासूनच कुजत असते. अळंबी तोडली तरी बुरशी लाकडातच राहते, त्यामुळे वरून फवारणी म्हणजे खर्च वाया. कोयत्याच्या मुठीने बुंधा ठोकून पाहा. आवाज पोकळ आला आणि झाड घराकडे किंवा वाटेकडे कललेले असेल, तर जाणकाराकडून फांद्या उतरवून घ्या. कापलेल्या जागी 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी).

माडाच्या बुंध्यात लाखेसारखी चकचकीत तांबूस अळंबी दिसली तर दिरंगाई नको. ही बुरशी मुळांतून शेजारच्या माडांकडे जाते. रोगट माडाभोवती चर खणा, त्याचे पाणी दुसऱ्या आळ्यात जाऊ देऊ नका. शेजारच्या निरोगी माडांना प्रत्येकी 5 किलो निंबोळी पेंडीत 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून द्या. बोर्डो मिश्रण त्याच सुमारास ओतू नका, त्यातल्या मोरचुदाच्या तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो.

काजूच्या बुंध्याला चिकट डिंक आणि खाली भुसा दिसत असेल, तर तो अळंबीचा प्रकार नाही, खोडकिडा आहे. त्या झाडांना खूण करून लगेच कळवा.