युनायटेडला नेमकं कोण पाहिजे? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबनं या उन्हाळ्यात कोणाला घ्यावं, तर सांगली-साताऱ्याकडून प्रश्नांचा नुसता पाऊस. साहजिकय म्हणा. २०२४-२५ च्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडची वरची लीग, २० टीमची) ३८ पैकी ११ मॅच जिंकल्या, १८ हरल्या, ४२ पॉइंट आणि नंबर १५ वा. वर २१ मेला बिल्बाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपातली स्पर्धा) फायनल १-० नं घालवली. हा अंक छापायला जाताना जून २०२५ संपत आलाय, खेळाडू खरेदी-विक्रीची विंडो १ सप्टेंबरपर्यंत उघडी आहे, वुल्व्हजचा फॉरवर्ड मथेउस कुन्या ६२.५ मिलियन पाउंडला आलाय आणि ब्रेंटफर्डचा फॉरवर्ड म्ब्यूमो याचं घोडं अजून पैशावर अडलंय. एवढं धरून पुढं वाचा.

प्रश्न (मिरज): सर डायरेक्ट विचारतो, स्ट्रायकर ग्योकेरेसला का उचलत नाहीत? पोर्तुगालच्या लीगमध्ये ३९ गोल मारलेत त्यानं, आपल्या कोच अमोरिमच्याच हाताखाली तयार झालेला माणूस आहे, अजून काय पाहिजे?

भावा, मलापण तो आवडतो, पण तुझ्यासकट निम्म्या लोकांनी फक्त स्ट्रायकरचंच विचारलंय आणि तिथंच माझं भांडण आहे. युनायटेडनं लीगमध्ये ४४ गोल मारले, त्यात आपल्या स्ट्रायकरांपैकी हॉयलंडचे ४ आणि झिर्कझीचे ३, म्हणजे दोघांचे मिळून ७, हे लाज आणणारंच आहे, नाही म्हणत नाही. पण हॉयलंडच्या मॅच परत बघ. पोरगा पळत असतो, हात वर करत असतो, बॉल येतच नाही आणि आला तर पाठमोरा असताना, अंगावर दोन डिफेंडर घेऊन येतो. २०२३ ला त्याला अटलांटाकडून ६४ मिलियनला आणला तेव्हापण आपण असंच म्हणत होतो की आता नऊ नंबरचा, म्हणजे स्ट्रायकरचा, प्रश्न मिटला. उद्या ग्योकेरेस आणला आणि मागनं बॉल पुढं नेणारा कोण नसला तर डिसेंबरात तुम्हीच मला लिहिणार की हापण फुसका निघाला.

आणि नुसतं आपल्याला पाहिजे म्हणून माणूस येत नाही आता. इप्सविचचा स्ट्रायकर लियाम डेलॅप ३० मिलियनच्या रिलीज क्लॉजवर (तेवढे पैसे दिले की क्लबला सोडावंच लागतं) मोकळा होता, युनायटेडपण मागं होती, तो चेल्सीला गेला. चेल्सीकडं चॅम्पियन्स लीग आहे, आपल्याकडं काय आहे? कुन्याचे वुल्व्हजसाठी लीगमध्ये १५ गोल, म्ब्यूमोचे ब्रेंटफर्डसाठी २०. हे दोघं आले तर गोलाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो आणि दोघंपण प्रीमियर लीगमध्ये तावून सुलाखून निघालेले. त्याच्यावर स्ट्रायकर मिळाला तर घ्या की, पण मी असतो तर तिसरा चेक आधी गोलकीपरच्या नावानं फाडला असता.

प्रश्न (तासगाव): गोलकीपर ओनानाला अजून किती दिवस सांभाळायचं? आमच्या ग्रुपवर तर त्याचं नाव काढलं की लोक लेफ्ट होतात.

त्यांचं चुकत नाही. युरोपा लीगमधली ल्योंची मॅच आठवा, १० एप्रिल. २५ व्या मिनिटाला त्यांच्या अल्माडानं साइडनं फ्री किक टाकली, बॉल कोणाच्या पायाला न लागता सगळ्यांमधनं टप्पा घेत आत, आणि साहेब उशिरा खाली. मग कसंबसं २-१ पुढं गेलो, ९५ वं मिनिट, समोरनं साधा शॉट आला जो छातीशी धरायचा तो त्यानं पुढं ढकलला आणि ल्योंचा शेर्की तिथंच उभा, २-२. पुढच्या मॅचला अमोरिमनं त्याला बसवून दुसरा कीपर बायिंदिरला उतरवलं तर न्यूकॅसलनं ४ घातले. म्हणजे पहिल्या नंबरचा भरवशाचा नाही आणि दुसऱ्या नंबरचापण नाही, तिसरा हीटन तर ३९ वर्षांचा.

माझं मत विचाराल तर ओनाना काय अगदी टाकाऊ नाही, पायानं खेळतो छान, इंटरकडनं चॅम्पियन्स लीगची फायनल खेळून आलेला माणूस आहे. पण गोलकीपरवर शंका आली की सेंटर बॅक दोन पावलं मागं सरकून उभं राहतात, मग मधे खिंडार पडतं, मग मिडफिल्डला शिव्या बसतात. सगळं एका जागेवरनं सुरू होतं. अजून एक गोष्ट कोण बोलत नाही, डिसेंबर-जानेवारीत मोरोक्कोत आफ्रिका कप आहे आणि कॅमेरून त्यात आहे. ओनाना कॅमेरूनचा, ज्याच्यासाठी भांडतोय तो म्ब्यूमोपण कॅमेरूनचा, आपलाच अमाद आयव्हरी कोस्टचा, मझरावी मोरोक्कोचा. ऐन सीझनमध्ये चार माणसं एकदम गेली तर काय करणार? आत्ताच एक कीपर बघून ठेवायला नको का?

अॅस्टन व्हिलाचा कीपर एमी मार्टिनेझची चर्चा आहे, आला तर मजा येईल. गडी सीझनच्या शेवटच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवरच, म्हणजे आपल्याच मैदानावर, लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, रस्ता माहीत आहे त्याला.

प्रश्न (कराड): मिडफिल्डर कॅसेमिरोला सगळे म्हातारा म्हणतात पण शेवटी तोच बरा खेळला. मग मिडफिल्डर कशाला पाहिजे?

खेळला की, मान्य. पण ३३ वर्षांचा आहे आणि अमोरिमच्या ३-४-३ मध्ये (मागं तीन, मधे चार, पुढं तीन) चौघांतले दोघं कडेला, म्हणून मधोमध फक्त दोघं असतात. समोरच्यानं तिथं तीन माणसं घातली की आपले दोघं नुसते पळत बसतात आणि ६० व्या मिनिटाला कॅसेमिरोचा श्वास फुललेला दिसतो, तिथनं पुढं टीम फाटते. दुसरा मिडफिल्डर उगार्ते बॉल हिसकावतो, पण हिसकावल्यावर काय करायचं ते त्याला सुचत नाही. मेनू गुणाचा आहे, पण बसवून बसवून त्याचं पार लोणचं घातलंय. कॅप्टन ब्रुनोनं सौदीच्या अल-हिलाल क्लबचे पैसे नाकारले म्हणून आपण सगळे भावूक झालो, ठीकाय, पण त्याला खाली खेळवला की पुढची धार जाते. पायात दम असलेला, दिवसभर पळणारा, बॉल घेऊन वळणारा एक माणूस पाहिजेच. नाव मोठं नसलं तरी चालतंय.

प्रश्न (विटा): दादा, क्लब एकीकडं पैसे नाहीत म्हणून स्टाफला काढतोय आणि दुसरीकडं कुन्याला ६२ मिलियन. हे गणित मला कळत नाही.

ताई, एकदम बरोबर जागी बोट ठेवलंत, आधी अडीचशे लोकं गेली, मग फेब्रुवारीत अजून दोनशेपर्यंत कमी करणार म्हणून जाहीर केलं, कँटीनच्या फुकटच्या जेवणावरपण गदा आली. ते मला अजिबात पटलेलं नाही, ट्रान्सफरच्या रकमेपुढं त्यात किती वाचणार.

गणित असंय. ट्रॅक्टर हप्त्यावर घेतल्यासारखं खेळाडूची किंमत हिशोबात कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांवर वाटून धरतात, जास्तीत जास्त पाच. ६२.५ मिलियन पाच वर्षांत म्हणजे वर्षाला १२.५. पण विकताना जो नफा होतो तो सगळा त्याच वर्षी जमा धरतात. प्रीमियर लीगचा यंदाचा (२०२५-२६) नियम असा की तीन वर्षांत मिळून १०५ मिलियनच्या वर तोटा नको, अकादमी, स्टेडियम असले काही खर्च त्यातनं वगळतात. म्हणून रॅशफोर्डसारखा घरचा पोरगा विकला की खरेदीची किंमत शून्य, आलेले सगळे नफ्यात. अँटनीला २०२२ ला आयॅक्सकडनं एवढ्या महागात आणलाय की त्याचा हिशोबातला आकडा अजून शिल्लक आहे, त्याला स्वस्तात सोडला तर उलट तोटा दिसतो. आपल्याला जो नको आहे तो विकत घ्यायला कोण तयार नाही आणि ज्याच्यावर जीव आहे त्याचेच पैसे होतात, असला सगळा प्रकार.

प्रश्न (सातारा): मग रॅशफोर्ड, गार्नाचो, सँचो, अँटनी यातलं कोण राहावं?

गार्नाचो. बाकीच्यांचं मन इथं नाही. रॅशफोर्ड व्हिलाला लोनवर जाऊन आला, अँटनी स्पेनच्या बेटिसला लोनवर जाऊन फुलला, लोनवर नेलेल्या सँचोला तर चेल्सीनं कायमचा घेण्याऐवजी ५ मिलियन दंड भरून परत पाठवला. गार्नाचोला दुसरा क्लब बघ म्हणून सांगितल्याच्या बातम्या आहेत. तोंड जरा जास्त चालतंय, पण वीस वर्षांचं पोरगं आहे, या वयात आपण कोणाचं ऐकत होतो?

प्रश्न (सांगली, विश्रामबाग): आमचा मुलगा मॅचसाठी रात्र रात्र जागतो, बारावीचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी तरी कमी होईल का?

काका, ही बातमी तुमच्यासाठी चांगली आहे. युनायटेड या वर्षी युरोपात कुठंच नाही, २०१४-१५ नंतर पहिल्यांदाच, त्यामुळं गुरुवारी मध्यरात्री भडंगाची पुडी फोडून बसायचं बंद. शनिवार-रविवारच्या मॅच बऱ्याचशा संध्याकाळी ते रात्री आवरतात, तेवढं बघू द्या.

टीमलापण याचा फायदा आहे बरं का. आठवड्यात एकच मॅच म्हणजे सराव होतो, मोठी स्क्वाड लागत नाही. २०१४ ला असंच झालं होतं, तेव्हाचा कोच वॅन गालनं चौथा नंबर काढला. पण त्याच उन्हाळ्यात ५९.७ मिलियनला डी मारिया आणला, फाल्काओ लोनवर आणला, पोस्टर झकास झाले आणि वर्षभरात दोघंपण गेले. लागतंय काय ते न बघता नाव बघून खरेदी केली की असं होतं.

प्रश्न (सातारा): चॅम्पियन्स लीगमध्ये गेलो तर ऑफिसला कंदी पेढे पाठवतो. किती किलो सांगून ठेवू?

आत्ताच ऑर्डर नका देऊ. कीपर आणि मिडफिल्डर दोन्ही आले तर मी सहावा-सातवा नंबर धरतो, नुसते फॉरवर्डच आले तर दहाव्याच्या आसपास. पहिलीच मॅच १७ ऑगस्टला घरच्या मैदानावर अर्सेनलशी आहे, आपल्याकडं रात्री नऊला. त्या दिवशी गोलमध्ये कोण उभा आहे ते बघा, मग पेढ्याचं बोलू. अर्धा किलो तसंच पाठवलं तरी आमची काय हरकत नाही.