ब्रिस्बेनमधलं ‘कमिसरिएट स्टोअर’ म्हणजे दारूगोळ्याचं कोठार होतं का?

लेकीकडे ब्रिस्बेनला आला आहात, विल्यम स्ट्रीटवरची जुनी दगडी इमारत पाहिलीत आणि पाटीवरच्या नावावरून ते लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार असावं असं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. मी इथे बरीच वर्षं राहतो आणि ही वास्तू माझ्या फार जिव्हाळ्याची आहे.

दारूगोळ्याचं नाही, ते रसदेचं कोठार. कमिसरिएट म्हणजे फौजेला आणि वसाहतीला धान्य, कपडे, अवजारं पुरवणारं खातं. माझे वडील कोल्हापूरचे. त्यांना ही इमारत दाखवली तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हणजे आपला अंबारखानाच की!” पन्हाळ्यावरच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या त्यांना आठवल्या. याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

पण हा अंबारखाना बांधला कैद्यांनी. ब्रिस्बेनची सुरुवातच मोरेटन बेच्या कैदी वसाहतीपासून झाली. १८२४ मध्ये ती रेडक्लिफला वसली आणि पुढच्या वर्षी नदीकाठी इथे आली. न्यू साउथ वेल्समध्ये आल्यावर पुन्हा गुन्हा केलेल्यांना इथे धाडत. कॅप्टन पॅट्रिक लोगन हा कमांडंट अतिशय कठोर म्हणून कुप्रसिद्ध होता. त्याच्याच काळात, १८२८-२९ मध्ये, हे कोठार उभं राहिलं. जागा धक्क्यालगतची, कारण सिडनीहून येणारा माल नदीतूनच यायचा. जहाज लांबलं की शिधा आटायचा. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्यांचं पोट, हे त्या भिंतींपाशी उभं राहिलं की मला फार जाणवतं. आणि ही सगळी भूमी मुळात तुर्रबल आणि जगेरा लोकांची, हेही विसरू नये.

१८४२ मध्ये वसाहत सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्यानंतरही इमारत मुख्यतः सरकारी कोठार म्हणूनच वापरात राहिली. खालचे दोन मजले कैद्यांच्या हातचे, तिसरा १९१३ मध्ये चढवलेला. आता तिथे क्वीन्सलँडच्या रॉयल हिस्टॉरिकल सोसायटीचं कार्यालय आणि छोटं संग्रहालय आहे.

विल्यम स्ट्रीटवरून पाहिलीत तर ती बुटकी वाटते, कारण जमीन नदीकडे उतरत जाते. खाली नदीच्या अंगाला जाऊन पाहा, तिथून तिची खरी उंची कळते. मग वेळ काढून विकहॅम टेरेसवरची पवनचक्कीही बघा. कैद्यांच्या काळातल्या दोनच इमारती शहरात उरल्या आहेत, ही आणि ती. तिथे धान्य दळायचे. वारा पडला की कैदी पायचक्की फिरवायचे.