कोडिंग येत नाही, तरी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पाला हातभार लावता येईल का?

येईल की! लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचंच बघा. २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प. त्याच्या मेनूंचं आणि मदतीच्या पानांचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं. खातं उघडा, मराठी निवडा आणि आधी नुसतं वाचा. ‘सेव्ह’ला एकीकडे ‘जतन करा’ आणि दुसरीकडे ‘साठवा’ असेल तर वापरणारा गोंधळतो. अशा जागा हेरणं हेसुद्धा कामच. फायरफॉक्स ब्राउझरसाठी हेच पाँटून या संकेतस्थळावर करता येतं.

माझ्या मते त्याहून मोलाचं काम म्हणजे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका कळवणं. पीडीएफ करताना जोडाक्षर तुटलं, तर ते जर्मनीतल्या प्रोग्रामरला दिसूनही कळणार नाही. त्याच्या लेखी ते बरोबरच! तुम्हाला मात्र एका नजरेत कळतं. बगझिला या बग नोंदवायच्या संकेतस्थळावर लिहिताना आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, फॉन्ट, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं द्या. छोटी नमुना फाइल जोडा, पण ती सार्वजनिक होते, तेव्हा घरचे हिशेब नकोत. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलंत तर कुणी काही करू शकत नाही. आणि आधी शोधा, तोच बग कुणीतरी नोंदवलेला असतो बऱ्याचदा.

लिहायचा कंटाळा असेल तर फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आवाज द्या.

पुढे कोड शिकलात तर लिबरऑफिसमध्ये नवख्यांसाठी ‘ईझी हॅक’ म्हणून वेगळी काढलेली कामं आहेतच.