साधन वापरलं तर पाप लागेल का?

"मॅडम, साधन वापरलं तर पाप, नाही वापरलं तर आजार. करू काय मी?"

एचआयव्हीच्या समुपदेशनात हा प्रश्न मी सतत ऐकते. धर्म बदलतो, वय बदलतं, प्रश्न तोच असतो. विचारणाऱ्यांना कंडोम कशासाठी असतो ते चांगलं ठाऊक असतं. त्यांचं अडतं दुसरीकडेच. त्यातल्या एका जोडप्याबद्दल, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, लिहिते.

नवऱ्याला लग्नाआधी संसर्ग झालेला, बायको निगेटिव्ह. ती मनापासून श्रद्धाळू आणि तिच्या धर्माला गर्भनिरोधक साधनं मान्य नाहीत. पहिल्याच भेटीत तिने सांगून टाकलं, "मला लागण झाली तर ती देवाची मर्जी. साधन वापरलं तर मात्र ते माझ्या हातून घडलेलं पाप."

अशा वेळी पुष्कळ जण वाद घालायला बसतात. मी कुणाच्या श्रद्धेशी भांडत नाही. माणूस ज्या जमिनीवर उभा आहे तीच आपण खणायला घेतली, तर तो पुन्हा आपल्याकडे येत नाही. त्याच जमिनीत त्याच्या उपयोगाचं काय आहे ते शोधावं, असं माझं मत आहे आणि इतक्या वर्षांत ते बदलावंसं वाटलेलं नाही. म्हणून मी एवढंच विचारलं, "जिवाबद्दल तुमचा धर्म काय सांगतो?"

"जीव ही देवाची ठेव आहे. जपायची असते."

"तुमचाही?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा कधी धरलाच नव्हता त्यात."

पुढच्या भेटींत कळलं की लागण होऊ दे, असं तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं. धर्मगुरूंना विचारलं तर नवऱ्याचं बाहेर फुटेल, या भीतीने तिने विचारलंच नव्हतं. त्यांच्या वतीने उत्तरही तिनेच देऊन टाकलं होतं. मी सुचवलं, की कुणाचंही नाव न घेता विचारून पाहा. ती गेली. ते म्हणाले, "परवानगी मी देऊ शकत नाही. पण जीव धोक्यात घाल, असंही मी कधी सांगणार नाही." हे उत्तर अर्धवट वाटेल, पण तिला त्याने बरीच मोकळीक दिली.

तरीही गाडं पुढे सरकेना. एकदा दोघं एकत्र आले होते. तो म्हणाला, "मी तर कधीपासून वापरायला तयार आहे." आणि ती एकदम उसळली.

"तयार आहात म्हणूनच नको! ते पाकीट दिसलं की माझ्या आधीचं सगळं डोळ्यांपुढे येतं. दर वेळी."

तो गोंधळला. "मला वाटायचं, तू देवाला घाबरतेस."

"देवाला कशाला घाबरू? त्याला तर मी सगळं सांगते. तुम्हाला सांगता येत नव्हतं."

त्या क्षणी मी एक शब्दही बोलले नाही, आणि न बोलणं हेच माझं त्या दिवसाचं काम होतं असं मी मानते. तिची श्रद्धा खरीच होती. पण तिच्या आडोशाला एक जुना राग बसला होता आणि त्याला बाहेर यायला दुसरी वाट नव्हती. पापाची भाषा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असं काही असतंच असं नाही. काहींची अडचण निखळ धर्माची असते. म्हणून मी आधी ऐकते, मग सांगते.

सांगण्यासारखं आता पुष्कळ आहे. प्रतिबंध म्हणजे फक्त कंडोम, हा समज जुना झाला. जोडीदार औषधं घेत असेल तर त्याच्याकडून होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे 2011 मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं. 2016 च्या पार्टनर अभ्यासात रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये विषाणूच्या 200 पेक्षा कमी प्रती असलेल्या जोडीदारांचे कंडोमविना सुमारे 58,000 संबंध तपासले गेले. त्यांच्याकडून एकही लागण झाली नव्हती. नवऱ्याने वेळेवर घेतलेली गोळी हेच बायकोचं संरक्षण. हे ऐकल्यावर तिने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर गोळी त्याच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. तोवर तो गोळ्या मध्येच विसरायचा. रिपोर्ट चांगले येईपर्यंत तिने स्वतः प्रेप, म्हणजे लागण टाळणारी गोळी, घ्यायचं ठरवलं. त्यात तिला पाप दिसलं नाही.

काही जण पोपचं नाव घेऊन येतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 मध्ये आफ्रिकेला जाताना कंडोमने प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, असं म्हटलं होतं, ते खरं. पण 2010 मध्ये त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं की काही प्रसंगी त्याचा वापर ही जबाबदारीच्या जाणिवेची पहिली पायरी असू शकते. हे दुसरं वाक्य फार थोड्यांपर्यंत पोचलेलं असतं. युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी तर 1992 मध्येच आपल्याला एचआयव्ही असल्याचं उघडपणे सांगितलं. धर्माच्या आत राहून हे बोलता येतं.

सरकारी धोरणांनीही एकाच उपायाचा हट्ट धरून पाहिला आहे. अमेरिकेने 2003 मध्ये गरीब देशांना एड्सशी लढायला मदत देताना प्रतिबंधाचा एक तृतीयांश निधी लग्नापर्यंतच्या संयमाच्या प्रचाराला बांधून ठेवला होता. 2008 मध्ये ती अट काढावी लागली. संयमाला माझा विरोध नाही. पण माझ्यासमोर बसलेली ही बाई लग्नानंतर एकनिष्ठच होती. संयमाच्या उपदेशातून तिला काय मिळणार होतं?

प्रार्थनेने बरा झालास, गोळ्या थांबव, असं सांगणारे भेटले तर मात्र ऐकू नका. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. कधी धोक्याचा संबंध घडलाच, तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठा. 28 दिवसांच्या औषधाने लागण बहुतेक वेळा टळते, आणि जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं.

त्या नवऱ्याचा विषाणू आता तपासणीत सापडत नाही. सहा महिने तो तसाच राहिल्यावर दोघं पुन्हा आले. या वेळी तिने मूल होण्याबद्दल विचारलं, आणि त्याने पहिल्यांदाच तिला मध्ये न थांबवता आपलं म्हणणं मांडलं.